शाळेत मुलं दिसली की आमचा लॅब्रॅडोर उड्या मारतो, त्याला शांत कसं करू?

दीड वर्षाचा कुत्रा घरी गुणी, पण मुलांना भेटवायला जळगावच्या शाळेत नेलं, की मुलं दिसताच थेट त्यांच्या अंगावर, असं तुम्ही लिहिलंय. रागावू नका. या वयात लॅब्रॅडोर मनाने पिल्लूच असतो, आणि आरडाओरडा केला की त्याला खेळ सुरू झाल्यासारखं वाटतं.

सुरुवात वर्गात करूच नका. मधल्या सुट्टीत फाटकापासून एवढं लांब उभं राहा, की मुलं दिसतील पण तो तुमच्या हातातला खाऊही घेईल. खाऊकडे बघतच नसेल तर अजून मागे सरका. तो आपणहून बसला, तुमच्याकडे वळून बघितलं, की लगेच खाऊ द्या. घरी सतरंजीवर पडून राहायची सवय लावा. तीच सतरंजी पुढे वर्गात न्यायची.

मुलांनाही शिकवावं लागतं, हे बरेच जण विसरतात. एका वेळी एकच मूल, तेही समोरून नाही, बाजूने. हात डोक्यावर नाही, छातीवर किंवा खांद्यावर. कुत्रा सारखे ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, तोंड फिरवतोय? त्याला ताण आलाय. तिथेच थांबा, त्याला बाहेर न्या.

रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळेवर हवंच. आणि आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतच न्या. डांबरावर हात टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.