पार्किन्सन्समध्ये गोळ्यांऐवजी करक्युमिन, ग्रीन टीच्या कॅप्सूल देऊन चालतील का?

वडिलांना दोन वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, लेव्होडोपाच्या (मेंदूत डोपामिनची कमतरता भरून काढणारं औषध) गोळ्या कमी करून करक्युमिन (हळदीतला घटक) आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. गोळ्या कमी करू नका, हे आधी सांगतो. मी डॉक्टर नाही, पण आईचा हाच आजार नऊ वर्षं सांभाळतोय.

या कल्पनेला शास्त्राचा आधार नाही असं मात्र नाही. मेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, बनवतात. या आजारात त्याच पेशी मरत जातात. डोपामिन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तिथे लोहही बरंच असतं. दोन्ही एकत्र आली की पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स तयार होतात. शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, या रुग्णांत नेमकं तिथेच घटलेलं सापडतं. म्हणून करक्युमिन आणि ग्रीन टीतलं ईजीसीजी उंदरांना देऊन पाहिलं आणि पेशी वाचल्याचं दिसलं. पण उंदरांना विष टोचून आजारी पाडतात, आणि बऱ्याचदा अँटिऑक्सिडंट त्याच्या आधीच सुरू केलेलं असतं. माणसाचा हात थरथरायला लागतो तोवर तिथल्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात. त्यात करक्युमिन पोटातून रक्तातच जेमतेम उतरतं, मग मेंदूत किती पोहोचणार?

अँटिऑक्सिडंट्सच्या मोठ्या चाचण्या माणसांवर झाल्यात. 800 रुग्णांच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाचे रोज 2000 युनिट दिले होते. 1993 साली निकाल आला, आजाराचा वेग कमी झाला नव्हता. कोएन्झाइम क्यू10ची 600 रुग्णांवरची चाचणी तर फायद्याची आशा उरली नाही म्हणून मध्येच थांबवली. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, कारण तोच डबा आमच्या कपाटात होता.

खाजकुइलीचं बी मात्र खरंच काम करतं, आणि म्हणूनच ते जपून वापरायला हवं. त्यात लेव्होडोपाच असतो, गोळीत असतो तोच. मी डॉक्टरांना न विचारता गोळ्यांसोबत त्याचं चूर्ण सुरू केलं. आईची सही मुंगीएवढी झाली होती, ती आठवड्यात पुन्हा मोठी दिसायला लागली. मी हरखलो. तिसऱ्या आठवड्यात बसल्या जागी तिची मान आणि खांदे वळवळू लागले. एकदा उठताना रक्तदाब उतरला आणि ती पडता पडता वाचली. लेव्होडोपाचा डोस जास्त झाला होता, आणि तो मीच वाढवला होता.

फळं, भाज्या, चहा खुशाल द्या. बद्धकोष्ठता या आजारात फार छळते, त्यालाही फळाभाज्यांची मदत होते. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र टाळा, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. लोहाची गोळी चालू असेल तर ती लेव्होडोपासोबत देऊ नका, शोषण कमी होतं. आणि घरात जे काही चूर्ण-कॅप्सूल असेल त्याची बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवा.

गोळी किती वाजता घेतली, अंग कधी मोकळं झालं, कधी पुन्हा ताठरलं, हे आठवडाभर वहीत लिहा. आमच्या वहीतून कळलं की आई गोळी जेवणाबरोबर घेत होती, आणि जेवणातली प्रथिनं लेव्होडोपाला अडवत होती. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. तेव्हापासून दुपारी ती स्वतःच्या हाताने जेवते.