वडील ६७ वर्षांचे आहेत, मेडिकेअर (अमेरिकेतला, मुख्यतः ६५ वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. सिगारेट सोडायचा खर्च त्यात निघतो का? आणि डॉक्टरला खरं सांगितलं तर प्रीमियम वाढेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण खरी गोची तिथेच असते. नाही वाढत. मेडिकेअर पार्ट बी चा (डॉक्टर-क्लिनिकचा खर्च बघणारा भाग) प्रीमियम उत्पन्न बघून ठरतो, तुमचे बाबा दिवसाला एक ओढोत नाहीतर तीस, आकडा तोच. मी स्वतः याच भीतीपायी दोन वर्षं घालवली. मेडिकेअर लागलं तेव्हा क्लिनिकच्या फॉर्मवर स्मोकिंगसमोर सरळ 'नाही' ला टिक केली, डॉक्टरांनी विचारलं तर म्हणायचो, ते हो, कॉलेजात असताना कधीतरी. आणि खिशात पाकीट! नोकरीत असताना कुणीतरी सांगितलेलं डोक्यात बसलं होतं की सिगारेट ओढणाऱ्याला इन्शुरन्स महाग पडतो. ते खोटं नाही, पण ते ६५ च्या आतल्यांसाठीच्या मार्केटप्लेस प्लॅनचं (स्वतः विकत घ्यायचा खाजगी विमा), तिथे तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत जास्त प्रीमियम लावायची कायद्याने मुभा आहे (न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत तीही नाही). मेडिकेअरला तो नियम नाही. फक्त बाबांनी वर मेडिगॅप (मेडिकेअरनंतर आपल्यावर उरणारा खर्च भरणारा खाजगी पूरक विमा) घेतलं असेल किंवा घेणार असाल तर तिथे काही कंपन्या ओढणाऱ्यांना जास्त लावतात, तेवढं बघा.

आता काय मिळतं ते. पार्ट बी मध्ये तंबाखू सोडण्याचं काउन्सेलिंग १२ महिन्यांत ८ वेळा मिळतं. म्हणजे वर्षात दोन प्रयत्न धरलेत, प्रत्येकी चार बैठका. २०१० च्या आधी हे फक्त तंबाखूमुळे आजार झालेल्यांना किंवा ज्यांच्या औषधांवर तंबाखूचा परिणाम होतो त्यांनाच मिळायचं, आता काही झालेलं नसलं तरी चालतं. डॉक्टर मेडिकेअरचं असाइनमेंट घेत असतील, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेला दर त्यांना मान्य असेल, तर खिशातून शून्य. मेडिकेअर अॅडव्हांटेज (खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तरी हे मिळतंच, फक्त नेटवर्कमधलाच, म्हणजे त्या कंपनीशी करार असलेला डॉक्टर बघा. आणि पहिला प्रयत्न फसला म्हणून काही बिघडत नाही, दुसरा त्याच वर्षात आहे आणि पुढच्या वर्षी परत आठ. माझा पहिला फसला होता, लेकीच्या लग्नात.

औषधं पार्ट डी कडे, म्हणजे मेडिकेअरच्या औषधांच्या भागाकडे. पण इथे एक उलटी गंमत आहे. प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी औषधं, म्हणजे व्हॅरेनिक्लीन किंवा ब्युप्रोपिऑन, ती प्लॅनच्या यादीत बघायची आणि कोपे (आपल्या वाट्याची रक्कम) भरून घ्यायची. पण दुकानात असेच मिळणारे निकोटिनचे पॅच, च्युइंगम, चघळायच्या गोळ्या, यांना पार्ट डी एक पैसा देत नाही, म्हणजे जी गोष्ट माणूस सगळ्यात आधी घ्यायला जातो नेमकी तीच बाहेर. मी बघा, दोन महिने पॅचवर स्वतःचे पैसे घातले आणि मग फार्मसीतली मुलगी म्हणाली की क्विटलाइनला (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) फोन करून बघितलात का. १-८००-७८४-८६६९. हा नंबर फुकट आहे, फोन तुमच्या राज्याच्या क्विटलाइनला जोडला जातो, मेडिकेअर असो नसो, आणि बऱ्याच राज्यांत ते पॅच घरपोच पाठवतात, किती आठवड्यांचे ते राज्यागणिक बदलतं. अॅडव्हांटेज प्लॅनवाल्यांना कधीकधी ओटीसी भत्ता (चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांसाठी रक्कम) असतो, त्यातही पॅच बसतात, कार्डामागच्या नंबरवर विचारून घ्या.

मला शेवटी लागू पडलं ते व्हॅरेनिक्लीन. सोडायची तारीख ठरवायची आणि एक आठवडा आधीपासून गोळी सुरू करायची, आधी अर्धा मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढवत एक मिलिग्रॅम दोनदा, साधारण १२ आठवडे. जेवणानंतर आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, मी एकदा रिकाम्या पोटी घेतली आणि दिवसभर मळमळत बसलो. स्वप्नं मात्र अफाट पडतात, दहावीचा पेपर, मेलेले काका, सगळं रंगीत. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करतात, आणि ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला देत नाहीत, म्हणून बाबांची आधीची सगळी औषधं आणि दुखणी डॉक्टरसमोर ठेवा.

बिलाचं सांगतो कारण मला फटका बसलाय. काउन्सेलिंग फुकट म्हणून गेलो, बोलता बोलता बीपीची गोळी बदलून घेतली, गुडघा दाखवला, आणि महिन्याने बिल आलं. क्लिनिकचं चुकलं नव्हतं तसं, गुडघा आणि बीपी ही वेगळी व्हिजिट धरली गेली आणि त्यावर नेहमीचे २० टक्के लागले. पण सिगारेटचं बोलणं मात्र त्यांनी वेगळं लावलंच नव्हतं, ते भांडून दुरुस्त करून घेतलं. काउन्सेलिंगचे कोड दोन आहेत, ९९४०६ म्हणजे तीन मिनिटांच्या वर ते दहा मिनिटांपर्यंत, आणि ९९४०७ म्हणजे दहाच्या वर. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की तंबाखू सोडण्याच्या काउन्सेलिंगसाठी येतोय, गुडघा दुसऱ्या दिवशी.

आणि खरं सांगितल्याने अजून दोन दारं उघडतात. ५० ते ७७ वयात, २० पॅक-इयर्स झाली असतील (म्हणजे रोज एक पाकीट २० वर्षं, किंवा दोन पाकिटं १० वर्षं), अजून ओढत असतील किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील आणि काही लक्षण नसेल, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी लो डोस सीटी स्कॅन दरवर्षी मिळतो. आणि ६५ ते ७५ च्या पुरुषाने आयुष्यात १०० सिगारेटी जरी ओढल्या असल्या तरी पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी एकदा मिळते, डॉक्टरची चिठ्ठी लागते. माझी दोन्ही झाली. फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं तोवर कुणी नावही काढलं नव्हतं, काढतील तरी कसे.

एक घरगुती सल्ला, रागावू नका. बाबांबरोबर जा, गाडी चालवा, पण काउन्सेलिंगच्या खोलीत शक्यतो तुम्ही बसू नका. इंग्रजीचा प्रश्न असेल तर क्लिनिककडे आधीच इंटरप्रिटर मागा. पोरांसमोर बाप खरा आकडा सांगत नाही हो. मी लेकीसमोर पाच म्हणायचो आणि पंधरा असायच्या, आणि डोस त्या पाचाच्या हिशोबाने ठरला तर पॅच काय कपाळ काम करणार.

अरे हो, सिगारेटच असं नाही, तंबाखू मळत असतील तर तेही याच काउन्सेलिंगमध्ये येतं. आमच्या ओळखीतले एक काका 'मी कुठे ओढतो' म्हणत बसले होते, खिशात चुन्याची डबी. त्यांनाही आठच्या आठ बैठका मिळाल्या.