लेन्सचे दिवस पाकीट फोडल्यापासून मोजायचे

प्रश्न : मी मंथली लेन्स वापरते, पण रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, तेही चार-पाच तास. तीस वेळा वापरायची असा हिशोब धरला तर एक जोडी तीन महिने जाते. लेन्स स्वच्छ दिसते, त्रासही काही नाही. मग चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून तीस दिवस, तीस वेळा नव्हे. सीलबंद पाकिटातली लेन्स निर्जंतुक द्रावात बुडालेली असते, म्हणून पाकिटावरच्या तारखेपर्यंत ती चांगली राहते. वरचा फॉइल सोलला की ही निर्जंतुकता संपली. पुढे लेन्स डोळ्यात असो की डबीत, दिवस भरतच असतात.

सॉफ्ट लेन्स पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकची असते. अश्रूंमधली प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पहिल्या दिवसापासूनच तिच्यावर बसू लागतात. चोळून धुतल्यावर त्यातले बरेच निघतात, सगळे निघत नाहीत. उरलेल्या थरावर जंतूंना चिकटायला जागा मिळते, शिवाय हाच थर वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला घासत राहतो. मग तिथे बारीक पुटकुळ्या येतात, लेन्स काढल्यावर डोळा खाजतो, सकाळी कोपऱ्यात चिकट दोरीसारखा स्राव दिसतो आणि पापणी मिटली की लेन्स वर सरकते. इथपर्यंत मजल जाते तेव्हाही नुसत्या नजरेला लेन्स स्वच्छच दिसत असते. म्हणून ‘त्रास होत नाही’ ही कसोटी इथे कामाची नाही.

तुमच्यासारख्या अधूनमधून वापरणाऱ्यांनी सरळ डेली लेन्स, म्हणजे एकदा वापरून त्याच दिवशी टाकायच्या लेन्स, घ्याव्यात. महिन्याला दहा-बारा जोड्या पुरतील. सोल्यूशन (लेन्स धुण्या-ठेवण्याचे द्रावण) नको, डबी नको. मात्र जुन्या चिठ्ठीवर परस्पर मागवू नका. लेन्सचे मटेरियल आणि गोलाई कंपनीगणिक बदलते, त्यामुळे नवी लेन्स डोळ्यावर बसवून तपासून घ्यावी लागते. मंथलीच ठेवायची असेल, तर उघडल्याची आणि टाकायची अशा दोन्ही तारखा खोक्यावर पेनाने लिहा. लक्षात ठेवू म्हटले की हमखास विसरते.

प्रश्न : मग डेली लेन्स रात्री सोल्यूशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी घातली तर?

उत्तर : घालू नका. ती पातळ असते आणि रोज चोळून धुण्यासाठी बनवलेलीच नसते. कडा फाटतात, आकार बिघडतो. दुपारी काढून संध्याकाळी पुन्हा घालायची असेल तर नवी जोडी उघडा.

प्रश्न : माझ्या चष्म्याचा नंबर −६.०० आहे, पण लेन्सच्या चिठ्ठीवर −५.५० लिहिलाय. चूक झाली असेल का? आणि बीसी ८.६, डाया १४.२ म्हणजे काय?

उत्तर : चूक नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. हे अंतर मिटले की तेवढ्याच परिणामाला कमी उणे नंबर पुरतो. −६.०० चे गणित साधारण −५.६० येते आणि जवळची मिळणारी लेन्स −५.५०. अधिक (+) नंबरात उलटे होते : +६.०० ला सुमारे +६.५० लागतो. ४ च्या आतल्या नंबरात हा फरक नगण्य असतो. म्हणूनच चष्म्याच्या चिठ्ठीवरून लेन्स मागवणे धोक्याचे.

डाया म्हणजे लेन्सचा व्यास आणि बीसी म्हणजे बेस कर्व्ह, आतल्या बाजूच्या गोलाईची त्रिज्या, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बीसीचा आकडा लहान असेल तर लेन्स जास्त खोल, मोठा असेल तर जास्त सपाट. डोळ्याच्या मानाने सपाट पडलेली लेन्स पापणी मिटताना सरकते, कड टोचते आणि नजर अंधुक होऊन पुन्हा साफ होते. ही चूक पहिल्याच दिवशी कळते. घट्ट लेन्स जास्त फसवी असते. सकाळी अगदी आरामात बसते, संध्याकाळी डोळा लाल होतो आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा गोल वळ उमटलेला दिसतो. असा वळ दिसला तर सवय होईल म्हणून वाट पाहू नका, फिटिंग बदलून घ्या.

सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) ०.७५ किंवा जास्त असेल तर तो दुरुस्त करणाऱ्या टोरिक लेन्सबद्दल विचारा. ती डोळ्यात फिरू नये अशी घडवलेली असते. तरीही फिरलीच, तर नंबर बरोबर असूनही धूसर दिसते.

प्रश्न : सोल्यूशन संपले तर एखाद्या रात्री उकळून गार केलेले पाणी किंवा सलाईन चालेल का? धुण्याची नेमकी पद्धतही सांगा.

उत्तर : पाणी कुठलेच नको, नळाचे नाही, फिल्टरचे नाही, उकळलेलेही नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्समधून कॉर्नियात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात) शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. याच कारणाने लेन्स घालून अंघोळ किंवा पोहणे टाळा. सलाईनने लेन्स नुसती विसळली जाते, जंतू मरत नाहीत. सोल्यूशन नसेल तर लेन्स टाकून द्या आणि चष्मा लावा. लेन्स वापरणाऱ्याजवळ चालू नंबरचा चष्मा हवाच.

साबणाने हात धुऊन धागे न सोडणाऱ्या कापडाला पुसा. लेन्स तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाका आणि बोटाच्या पेराने दोन्ही बाजू मिळून सुमारे वीस सेकंद चोळा. बाटलीवर ‘नो रब’ लिहिले असले तरी चोळाच. मग सोल्यूशननेच धुवा आणि डबीत ताजे सोल्यूशन भरून बाटलीवर लिहिलेल्या तासांइतकी बुडवून ठेवा. कालच्या सोल्यूशनमध्ये भर घालू नका, वापरलेल्याची जंतू मारायची ताकद ओसरलेली असते. सकाळी डबी रिकामी करून सोल्यूशनने विसळा आणि टिश्यूवर उपडी वाळवा. दर तीन महिन्यांनी नवी डबी घ्या. उघडलेली बाटलीही लेबलवरच्या मुदतीत, बहुतेकदा ९० दिवसांत, संपवा. उरले तर ओतून द्या.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्यूशन असेल तर त्याच्याच खास डबीत किमान सहा तास ठेवावे लागते. ते थेट डोळ्यात गेले तर भयंकर झोंबते.

प्रश्न : सेमी-सॉफ्ट लेन्स वर्ष-दोन वर्षे टिकते म्हणतात. मग तीच परवडणार नाही का?

उत्तर : सेमी-सॉफ्ट म्हणजे हवा आत जाऊ देणारी कडक लेन्स. रोज वापरणाऱ्याला ती परवडते, आणि वाकड्यातिकड्या कॉर्नियावर तिच्याइतके स्पष्ट सॉफ्ट लेन्समधून सहसा दिसत नाही. मात्र सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, मध्ये खंड पडला की पुन्हा टोचते आणि धुळीचा कण आत गेला तर असह्य होते. ओरखडा किंवा कडेला टवका दिसला तर मुदत उरली असली तरी बदला.

प्रश्न : डोळा लाल झाला तर किती दिवस लेन्स बंद ठेवावी?

उत्तर : आधी लेन्स काढा. काढल्यावर तासाभरात लाली आणि टोचणे पूर्ण गेले, तर ती लेन्स टाकून दुसऱ्या दिवशी नवी घालून पाहता येईल. दुखणे, उजेड सहन न होणे, पू, अंधुक दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही असेल, विशेषतः लेन्स घालूनच झोपला असाल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरातले जुने थेंब घालू नका. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी लाली उतरते आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. काढलेली लेन्स आणि डबी न धुता सोबत न्या, त्यांवरून जंतू कोणता ते तपासता येते.