मागे बांधलेल्या गाडीची बॅटरी खातं कोण?

प्रश्न (डिचोलीहून): आमचा मुलगा टेक्ससला असतो. त्याने जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली बससारखी गाडी, घेतलीय आणि तिच्या मागे २०१२ ची होंडा सीआर-व्ही बांधून नेतो, चारही चाकं रस्त्यावर. चवथ झाली की आम्ही दोघं तिकडे जाणार, मोठी ट्रिप ठरलीय. पण मागच्या वेळी दिवसभर चालवून मुक्कामाला पोचले तर सीआर-व्ही स्टार्टच होईना, बॅटरी ठार बसलेली. इंजिन बंद, मागच्या लाईटचा करंट पुढच्या गाडीतून येतो, मग बॅटरी खाल्ली कोणी? आणि वायर जोडलेलीच आहे तर चार्ज का होत नाही? मेकॅनिक म्हणतो नवी बॅटरी टाका.

उत्तर: नवी बॅटरी टाकायची घाई नको, ती पण तशीच बसेल. तुमचे दोन्ही प्रश्न एकदम बरोबर जागी लागलेत.

इंजिन बंद म्हणजे गाडी झोपली असं नसतं. चारही चाकांवर ओढायची तर स्टिअरिंग मोकळं पाहिजे, नाहीतर वळणावर पुढची चाकं वळणारच नाहीत, फरफटत येतील. म्हणून चावी काढून घेता येत नाही, ॲक्सेसरीवर ठेवावी लागते, आणि चावी तिथे गेली की रेडिओ, सॉकेट आणि आतलं काय काय जागं होतं. समजा एकूण ४ अँपियर जातायत आणि बॅटरी ४५ अँपियर-अवरची आहे. अर्धी उतरली की जुनी बॅटरी स्टार्टर फिरवायला कुरकुरते, म्हणजे तुमच्या हातात साधारण साडेपाच तास. टेक्ससमध्ये तेवढ्यात राज्याची हद्दसुद्धा येत नाही.

आता दुसरा चोर, जो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी एक ब्रेकची पेटी ठेवतात, पुढच्याने ब्रेक मारला की ती मागच्या गाडीचं पेडल दाबते. मुलाकडे असेलच, तिकडच्या बऱ्याच राज्यांत एका वजनाच्या वर ती लागतेच. बहुतेक पेट्या सॉकेटमधून करंट घेतात, काहींना हवेचा छोटा पंप असतो, तो तर चांगलाच खातो. वर पेडल दाबलं की गाडीचा स्वतःचा ब्रेकलाईटचा स्विच पण दाबला जातो, २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपियर, आणि हे गाडीच्याच बॅटरीतून जातात, पुढून नाही. पेटीची सेटिंग कडक असेल आणि ती पेडलला सारखी टेकून राहिली तर डोंगरातल्या रस्त्यावर ब्रेकलाईट तासभर चालूच, आणि ब्रेक पण तापतात ते वेगळंच. म्हणून पहिलं काम हे, थांबाल तिथे मुलाला मागे जाऊन बघायला सांगा, पुढचा ब्रेक सोडल्यावर मागचे लाल दिवे खरंच विझतायत का.

वायर आहे तर चार्ज का होत नाही, तर त्या वायरी फक्त दिव्यांच्या आहेत म्हणून. दोन गाड्यांमधल्या त्या गुंडाळीच्या केबलला सहसा एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा पिना असतात, त्यातली एक १२ व्होल्ट चार्जची. मोटरहोमकडून तिथे बहुधा करंट येऊन थांबलेला असतो पण सीआर-व्हीच्या बाजूला ती पिन कोणी बॅटरीपर्यंत नेलेलीच नसते, लाईट लागले की बसवणाऱ्याचं काम संपलं. तेव्हा त्या पिनेपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत एक जाड वायर ओढायची, दोन्ही टोकांना फ्यूज किंवा आपोआप परत जोडला जाणारा ब्रेकर, १५ अँपियरचा पुरतो, आणि बॅटरीचा करंट उलटा पुढे वाहू नये म्हणून मध्ये डायोड. डायोड साधा असेल तर ०.७ व्होल्ट तिथेच जातात, म्हणून मी तरी तयार चार्जर मॉड्यूल घ्या म्हणेन, तिकडे 'टोड-चार्ज' नावाचं मिळतं, तसली आणखीही आहेत.

वायरीच्या जाडीत मात्र कंजूषपणा नको. मोटरहोम १० मीटरची, वायर मागे जाऊन पुढच्या बॉनेटपर्यंत पोचायची, अर्थिंगचं परतीचं अंतर धरलं तर सहज २५ मीटर होतात. घरात प्लग पॉईंटला वापरतो ती अडीच स्क्वेअर एमएमची टाकली आणि १० अँपियर गेले तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात, मोटरहोमचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, १४.२ देतोय पण बॅटरीला साडेबारा मिळतात, म्हणजे चार्जिंग फक्त नावाला. ६ स्क्वेअर एमएम टाकली तर हीच घट पाऊण व्होल्टच्या आसपास येते. अर्थिंगला टोबारच्या, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याच्या, लोखंडावर विसंबू नका, वेगळी वायर घ्या.

बाकीचे उपाय लोक करतात ते मी वाईट म्हणत नाही. ॲक्सेसरीचा फ्यूज काढून ठेवणं सोपं आहे, कुठला काढायचा ते मॅन्युअलात बघायचं, पण त्याच फ्यूजवर सॉकेट असेल तर ब्रेकची पेटी बंद पडेल, ते आधी तपासा. निगेटिव्हला कट-ऑफ स्विच बसवला तर गळती शून्य, पण पेटीला करंट मग दुसरीकडून द्यावा लागतो. शिवाय नव्या गाड्यांत जिथे गिअर बटणावर आहे तिथे मधेच करंट गेला तर गाडी न्यूट्रलमध्ये राहीलच याची खात्री नाही, काही मॉडेल्स स्वतःच पार्कमध्ये जातात आणि तसं ओढलं तर गिअरबॉक्सची वाट. वाटेत थांबून १०-१५ मिनिटं इंजिन चालवणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, आयडलवर अल्टरनेटर फार काही देत नाही. डॅशबोर्डवर ठेवायचं १० वॅटचं सोलर तर विसराच, अर्धा-पाऊण अँपियर देणार, तेही कडक उन्हात.

तुमची सीआर-व्ही २०१२ ची आहे हे एक बरं, अमेरिकेत २०१४ पर्यंतच्या मॉडेलला होंडाने अशी ओढायला परवानगी दिली होती, २०१५ ला सीव्हीटी, म्हणजे वेगळे गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आला आणि ती गेली. पण ओढण्याआधी इंजिन चालू करून गिअर ठरलेल्या क्रमाने फिरवून न्यूट्रलमध्ये आणायचा विधी मॅन्युअलात दिलाय, तो टाळू नका. आणि खर्च करायच्या आधी मोजा. ओढताना असते तश्शी गाडी ठेवून, म्हणजे चावी ॲक्सेसरीवर, पेटी जोडलेली, बॅटरीच्या वायरीवर डीसीचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, लावायचा, आकडा समोर दिसेल. रात्रभर उभी राहिलेली चांगली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी.

प्रश्न (पर्वरीहून): मित्र कॅम्परव्हॅन बनवून घेतोय, मागे माझी थार बांधून कोकणातून फिरायचं म्हणतोय. थारला ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, न्यूट्रल आहे, मग बॅटरीचं तेवढं बघितलं की झालं ना?

उत्तर: बॅटरी हा तुमचा शेवटचा प्रॉब्लेम. आपल्याकडे दुसरी गाडी ओढायची मुभा मुळात बंद पडलेल्या गाडीसाठी आहे आणि तीही हळूहळू. धडधाकट थार मागे लावून एनएच ६६ वरून निघालात तर पत्रादेवीच्या चेकपोस्टवरच गप्पा मारत बसावं लागेल. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला काय म्हणेल तो वेगळाच विषय. सरळ दोघं दोन गाड्या चालवा.

प्रश्न (फोंड्याहून): मुलगा जहाजावर असतो, सहा-सात महिने गाडी शेडमध्ये. दर पावसाळ्यात बॅटरी जाते. शेजारी म्हणतात आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा, ते करते तरी जाते.

उत्तर: पाच मिनिटांत स्टार्टरने घेतलेलं जेमतेम भरून निघतं, ते बंदच करा. बंद गाडीत अलार्म, लॉक, घड्याळ मिळून ५० मिलिअँपियर जात असतील तर दिवसाला १.२ अँपियर-अवर होतात, महिन्याला ३६, म्हणजे पावसाळा अर्धा व्हायच्या आत बॅटरी रिकामी. चावी बटणवाली असेल तर ती गाडीजवळच्या खिळ्याला टांगू नका, काही गाड्या चावी जवळ आहे म्हणून परत परत जाग्या होतात.

शेडमध्ये प्लग असेल तर फ्लोट मोडवाला, म्हणजे बॅटरी भरली की फक्त ती भरलेली ठेवण्यापुरता करंट देणारा, छोटा चार्जर कायम लावून ठेवणं सगळ्यात उत्तम. नसेल तर १० नंबरच्या पान्याने काळी वायर म्हणजे निगेटिव्ह सोडवा, पहिली तीच सोडवायची आणि जोडताना शेवटी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, दमट हवेत दिसतेच, तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या, मग वर व्हॅसलिनचा हात फिरवा. तारीख लिहून महिन्यातून एकदा व्होल्ट बघा, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला न्या. मुलगा घरी यायच्या आधी काळी वायर लावून ठेवा आणि टायरची हवा पण बघा, तीही तेवढ्या महिन्यांत उतरलेली असते.