“रिपोर्ट निगेटिव्ह होता, म्हणूनच मी आईजवळ बसलो”

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर महिन्याभराने एक गृहस्थ नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले. त्यांना मी येथे सुधीर म्हणते. नाव व ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत आणि हे लिहिण्यास त्यांची संमती आहे. राहणार सिडको, वय चव्वेचाळीस, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस. त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितलेली तक्रार निराळीच होती : हे रोज पहाटे दुधाच्या पिशव्या साबणाने धुतात, घसा जरा खवखवला तरी मुलीला आठवडाभर जवळ येऊ देत नाहीत आणि कपाटात चाचणीच्या किटची चळत लावून ठेवतात. सुधीर मात्र खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “मॅडम, आईला माझ्यामुळे झालं. रिपोर्ट निगेटिव्ह होता, म्हणूनच मी आईजवळ बसलो.”

साथीनंतर हे गाऱ्हाणे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. तपशील बदलतात, “मी घरात आणला” हे शब्द बदलत नाहीत. पहिल्या भेटीत मी त्यांना “तुमची यात काही चूक नाही” असे सांगितले. ते “हो मॅडम” म्हणाले आणि पुढच्या भेटीला आलेच नाहीत. ज्याने दोन वर्षे रात्री जागून हिशेब मांडला आहे, त्याला हिशेब न पाहताच “बाकी शून्य” सांगणे हा उतावळेपणा होता आणि तो माझ्याकडून झाला. पत्नीच्या आग्रहाने ते पुन्हा आले तेव्हा मी फक्त एवढेच म्हणाले, “तो महिना मला दाखवा.”

पुढच्या वेळी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एप्रिल २०२१चे दिनदर्शिकेचे पान आणले. चौकटींत आईच्या हातचे दुधाचे हिशेब होते, “१ लि.”, “१॥ लि.”, आणि सोळा तारखेनंतर चौकटी कोऱ्या. त्या पानावर आम्ही पेन्सिलीने घटना लिहिल्या. ८ एप्रिलला कारखान्याच्या कँटीनमध्ये शेजारी बसून जेवलेला सहकारी दुसऱ्या दिवशी बाधित निघाला. १० तारखेला कारखान्यातच सर्वांची अँटिजेन (झटपट निकालाची) चाचणी झाली आणि सुधीर यांचा निकाल निगेटिव्ह आला. १३ तारखेला गुढीपाडवा; दार-खिडक्या लावून, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून, सगळे एकत्र श्रीखंड-पुरी जेवले. १४ला संध्याकाळी त्यांना कणकण वाटली, १६ला आईला ताप आला, २७ला आई गेली. एक नोंद मात्र त्यांनी मनातून पार गाळली होती आणि ती पानावर आईच्याच अक्षरात सापडली : ११ तारखेच्या चौकटीत “लस – काकूंबरोबर”. शेजारच्या काकूंसोबत आई लसीच्या रांगेत दीड तास उभी होती आणि त्याच आठवड्यात काकूही आजारी पडल्या होत्या.

येथे मी सुटकेचा निःश्वास टाकला नाही आणि त्यांनाही टाकू दिला नाही. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ तेव्हाच्या विषाणूत मध्यमानाने सुमारे पाच दिवसांचा होता; पण तो दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत ताणला जाऊ शकतो. म्हणजे रांगही शक्य आणि पाडव्याचे जेवणही शक्य. “तुमच्याकडून गेला असण्याची शक्यता आहे, आणि ती लहान नाही,” असे मी स्पष्ट सांगितले. दोघांच्या नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासला असता तरी, शहरभर जवळजवळ सारखाच विषाणू फिरत असताना, कोणाकडून कोणाला हे तेवढ्याने ठरले नसते. सुधीर बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मला वाटते, दोन वर्षांत कोणीतरी त्यांची शंका खोडून न काढता ऐकून घेतली, असे त्यांना त्या दिवशी प्रथम जाणवले.

मग निगेटिव्ह निकालाकडे वळलो, कारण खरा काटा तेथेच रुतला होता. “मी त्या कागदावर विश्वास का ठेवला?” हा त्यांचा प्रश्न. २०२० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सात अभ्यासांतील १,३३० नमुने एकत्र करून, अँटिजेनपेक्षा अधिक संवेदनशील असलेल्या आरटी-पीसीआरचे निकाल दिवसागणिक मांडले होते. त्यांच्या अंदाजानुसार बाधित माणसाचा निकाल खोटा निगेटिव्ह येण्याचे प्रमाण संसर्गानंतर चौथ्या दिवशी सुमारे ६७ टक्के, लक्षणे सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० टक्के होते; पहिल्या दिवशी तर चाचणीला काही सापडतच नव्हते. सुधीर यांची चाचणी संपर्कानंतर दोनच दिवसांनी झाली होती आणि तीही अँटिजेनची. लक्षणे असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची सूचना होती. त्यांना लक्षणेच नव्हती, त्यामुळे पुढे काही करायला कोणी सांगितले नाही.

ते एकदम म्हणाले, “म्हणजे गेज बरोबर होतं. पार्ट अजून मशीनवरच होता.” अर्धवट कातलेल्या भागाला गेज, म्हणजे मापाचे साधन, लावून लॉट पास करायचा नसतो, हे त्यांच्या रोजच्या कामातले. मी त्यात काही भर घातली नाही. लक्षणांआधी माणूस संसर्ग देऊ शकतो का, हे त्यांनीच विचारले. देऊ शकतो, एप्रिल २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकाकडून दुसऱ्याला संसर्ग झालेल्या ७७ जोड्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात सुमारे ४४ टक्के संसर्ग पहिल्या माणसाला लक्षणे दिसण्यापूर्वीच झाल्याचा अंदाज होता. तेरा तारखेला पंगतीत बसलेल्या माणसाला आपल्या शरीरातले हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

बंद खोलीचा विषय काढावा की नाही, याबद्दल मी साशंक होते. पण चीनमधील ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात जानेवारी २०२० मध्ये वातानुकूलन यंत्राच्या झोतात बसलेल्या तीन कुटुंबांतील दहा जण बाधित झाल्याचे त्यांनी आधीच वाचले होते. तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. हा विषाणू हवेतून पसरतो असे २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये जाहीर पत्रात बजावले होते. तरीही हवा न खेळणाऱ्या खोलीतल्या सूक्ष्म तुषारांचा धोका जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत घातला तो ३० एप्रिल २०२१ रोजी. आई जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. तोवर आपण सगळे हात धूत होतो आणि खिडक्या लावून बसत होतो. मी सुद्धा.

दुधाच्या पिशव्यांचे मूळ त्याच काळात होते. मार्च २०२०च्या एका प्रयोगात प्लास्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, हा आकडा घराघरांत पोचला; पण प्लास्टिकवर त्याचे प्रमाण दर सात तासांच्या आसपास निम्मे होत जाते, हे त्याच प्रयोगातले निरीक्षण पोचले नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यावर संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे म्हटले होते. आकडा ऐकून सवय सुटत नाही, हे मी जाणून होते. म्हणून पहिल्या आठवड्यात साबण बंद, पाणी चालू. पुढे पाणीही बंद, अशा पायऱ्या ठरवल्या. झोप पार उडालेली असल्याने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले.

आणखी एक गाठ उरली होती. मे २०२१ मध्ये, बरे होऊन चार आठवडे उलटल्यावर, त्यांची आरटी-पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह आली होती आणि “माझ्यात तो कायमचा आहे” ही धारणा तेव्हापासूनची. ही चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे फेऱ्याफेऱ्यांनी दुप्पट करत शोधते. आपल्याकडे पस्तीस फेऱ्यांच्या आत सापडले तर पॉझिटिव्ह धरत. तुकडा सापडला म्हणजे जिवंत विषाणू आहेच असे नाही. म्युनिकच्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात आजाराच्या आठव्या दिवसानंतर नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवता आला नाही, जनुकीय अंश मात्र पुढेही मिळत राहिले. मांडवात अक्षता सांडलेल्या दिसल्या म्हणजे लग्न होऊन गेले एवढेच कळते, असे मी म्हणाले. त्यावर सुधीर पहिल्यांदा हसले. “मॅडम, आमच्याकडे तर वर्षभर सोफ्याखाली निघतात.”

एकूण चौदा भेटी झाल्या. २०२४च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, त्यांनी घरी तीन वर्षांनी गुढी उभारली आणि शेजारच्या काकूंना जेवायला बोलावले. खिडक्या उघड्या होत्या. दुधाची पिशवी आता ते नळाखाली एकदा धरतात आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवतात. ते पाणी मात्र काही केल्या सुटत नाही, असे त्यांच्या पत्नीने मला फोनवर सांगितले.