बोलका आहे, म्हणजे कमिशनचं काम जमेलच?

"फिक्स पगार नाही, पण कमाईला लिमिट नाही म्हणालेत." कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झाला आणि रूमचं भाडं, मेसचे पैसे टोचायला लागले की सल्ला विचारायला आलेल्या मुलांकडून हे वाक्य माझ्याकडे येतंच. काम कधी विम्याचं असतं, कधी क्रेडिट कार्डाचं, कधी पाण्याच्या फिल्टरचं, कधी फ्लॅटचं. प्रश्न मात्र ठरलेले. कॉलेज सांभाळून होईल का? मला जमेल का? आणि घरचे नको म्हणतायत, त्यांना काय सांगू? गेल्या वर्षी आलेल्या एका मुलाबरोबर या तिन्ही प्रश्नांवर जरा नीट काम करता आलं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. त्याला विचारलेलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

होस्टेलवर त्याला सगळे गावावरून 'बार्शी' म्हणतात. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, वडील एसटीत कंडक्टर, धाकटी बहीण बारावीला. बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. गावच्या मंडळाची वर्गणी गोळा करायला याच्याशिवाय पान हलत नाही, असं त्यानेच मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. एका आयुर्विमा कंपनीच्या शाखेतून त्याला एजंट व्हायची ऑफर होती. "काय ओ मॅडम, करू का नको, तेवढं सांगा बघू."

मी म्हटलं, वर्गणी मागताना तुझ्या पाठीशी मंडळ असतं, गणपती असतो आणि न देणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवायचं असतं. इथे यातलं काय आहे? तो हसला, पण बॅगेतून एक कागद काढला. शाखेतल्या मॅनेजरने दिलेला. त्यावर १ ते १०० आकडे घातलेले आणि समोर ओळखीच्या माणसांची नावं लिहायची. विम्यात नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाला हा गृहपाठ मिळतो. बार्शीने मन लावून केला होता. मामा, आत्या, थोरली काकू, डेपोतले वडिलांचे सहकारी, शाळेतले गणिताचे सर, किराणा दुकानवाले काका, रूममेटचे वडील.

मी त्याला पेन्सिल दिली. "ज्यांना नाही म्हणायला जड जाईल, त्यांची नावं खोड."

"मामा तर घेणारच. तो मला नाही म्हणूच शकत नाही."

"म्हणूनच खोड."

मामावर रेघ मारायला त्याला बराच वेळ लागला. पुढच्या रेघा भराभर पडल्या. शेवटी नऊ नावं उरली आणि त्यातल्या तिघांचा विमा आधीच उतरवलेला होता, हे त्याचं त्यालाच आठवलं.

कमिशनच्या कामाचा निर्णय मी या कागदावर करते. मुलगा किती बोलतो, किती धीट आहे, हे नंतर. ओळखीची माणसं संपल्यावर गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर नसेल तर तुमचं विकण्याचं कसब कुणालाच नको आहे, तुमचे नातेवाईक हवे आहेत. मॅनेजर वाईट असतो असं नाही. त्याच्या डोक्यावरही नवे एजंट आणायचं टार्गेट असतं. पण एजंटला पगारच नसल्यामुळे तो मामा-काकूंना पॉलिसी देऊन सहा महिन्यांत गळाला, तर शाखेचं फारसं काही जात नाही. जातं ते मामाचं. भिडेखातर घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता दुसऱ्या वर्षी जड होतो, ती बंद पडते, आणि बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत एवढ्या लवकर बाहेर पडलं की भरलेल्या पैशांपैकी बराचसा भाग हाती येत नाही. मग दिवाळीला मामाकडे कोणत्या तोंडाने जायचं?

आता हिशोब. त्याला सांगितलं होतं, वर्षाला २४ हजार हप्ता असलेली पॉलिसी, पहिल्या वर्षी २५ टक्के कमिशन, म्हणजे ६ हजार. महिन्याला चार केल्या की २४ हजार. ऐकायला झकास! पण मध्यमवर्गीय माणूस वर्षाचे २४ हजार एकदम काढून देत नाही, तो महिन्याला दोन हजार भरतो. मग कमिशनही महिन्याला ५०० रुपयेच येतं, आणि तेही त्याने हप्ता भरला तर. शिवाय पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ग्राहक ती परत करू शकतो. तो त्याचा हक्कच आहे. परत केली की तुमचं कमिशन गेलं. दुचाकीचं पेट्रोल, चहापाणी, झेरॉक्स खिशातून. हे सगळं मांडल्यावर बार्शी थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "मेसवाले काका पाच तारखेला पैसे मागतात."

हेच मला त्याच्या तोंडून हवं होतं. मेसचे पैसे कमिशनवर ठेवायचे नाहीत. या एका बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही, कारण पाच तारखेची धाकधूक असलेला मुलगा गिऱ्हाइकाला खरं सांगू शकत नाही. जेवणाचे आणि भाड्याचे पैसे ठरलेल्या पगारातून किंवा घरून यावेत, कमिशन वरखर्चाला. आमचं ठरलं की तो आधी दोन तासांचं का होईना, पण बांधील पैशाचं काम बघेल. कॉलेजांतल्या 'कमवा आणि शिका' योजनेबद्दल मुलांना उगाच कमीपणा वाटतो. लायब्ररीत पुस्तकं लावून मिळणारे पैसे थोडे असतात, पण ते तुमच्या बोलण्यावर अवलंबून नसतात. त्याला पुण्याच्या भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे संध्याकाळी टॅलीच्या, म्हणजे संगणकावरच्या हिशोबाच्या, नोंदी करायचं काम मिळालं.

एजन्सी घ्यायला माझी हरकत नव्हती. वय १८ पूर्ण, दहावी पास, २५ तासांचं प्रशिक्षण आणि ५० प्रश्नांची परीक्षा, ३५ टक्क्यांना पास. ती तो सहज झाला. कॉलेज बुडेल ही घरच्यांची भीती वाटते तेवढी खरी नाही. माणसं भेटतात संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी, तेव्हा लेक्चर नसतात. अडचण दुसरीकडे असते. बऱ्याच शाखांची मीटिंग सकाळी दहाला असते, म्हणजे नेमकी लेक्चरच्या वेळेत, आणि तिला गैरहजर राहिलं की तोंडभर ऐकून घ्यावं लागतं. दुसरी अडचण मार्च. कर वाचवायला लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये विमा घेतात, त्यामुळे शाखेत तेव्हा अक्षरशः युद्ध चालू असतं, आणि त्याच सुमाराला तुमच्या अंतर्गत परीक्षा आणि प्रोजेक्ट असतात. पंचाहत्तर टक्के हजेरीचं काय करणार, हे जूनमध्ये नाही, जानेवारीत विचारायचं. बार्शीने मॅनेजरला आधीच सांगून टाकलं: सकाळची मीटिंग नाही आणि फेब्रुवारीपासून काम बंद. मॅनेजर नाराज झाला. होऊ दे.

मधल्या काळात वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगं एजंट झालंय म्हणून डेपोत हसतात ओ. म्हणतात, आता तुझ्याकडं तिकीट नको, पॉलिसीच घेतो." मी त्यांना खोडलेल्या नावांच्या कागदाबद्दल सांगितलं. डेपोतली सगळी नावं गेली आहेत हे कळल्यावर ते सैलावले. "असं होय? मग मी पण कुणाकडं पाठवत नाही त्याला."

आता 'जमेल का' या प्रश्नाकडे येते. मी त्याला एक वही ठेवायला सांगितली होती. कुणाला भेटलो, काय विचारलं गेलं, मी काय उत्तर दिलं, घरी आल्यावर कसं वाटलं. आकड्यांपेक्षा शेवटचा रकाना मला जास्त उपयोगाचा वाटतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत काम करणारी माणसं, झेरॉक्सवाले, मेसवाल्याचा पुतण्या अशा लोकांना तो भेटत होता. नकारांनी तो खचला नाही, उलट नकारांच्या नकला करून दाखवायचा. पण वहीत एका पानावर वेगळंच होतं. एका दुकानातल्या माणसाने विचारलं होतं, "मधेच गरज पडली तर पैसे काढता येतात ना?" आणि याने उत्तर दिलं होतं, "त्याची सोय आहे." शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: झोप नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला आणि त्या माणसाला नीट सांगून आला की सुरुवातीच्या काळात काढलेत तर नुकसान होईल. पॉलिसी अर्थातच झाली नाही. हे सांगताना त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. मला विचाराल तर सगळ्या वहीतलं सर्वांत चांगलं पान तेच. त्याचा बोलकेपणा त्याला मदत करत नव्हता, आड येत होता. समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकायच्या आत याचं उत्तर तयार असायचं. त्यावर काम करता येतं, आणि आम्ही केलं. प्रश्न ऐकल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही, तो प्रश्न आपल्या शब्दांत एकदा परत म्हणायचा, एवढंच.

एका बाबतीत मात्र मी थेट 'नाही' म्हटलं. महिना संपत आला, आकडा भरेना, तेव्हा शाखेतल्या कुणीतरी त्याला सुचवलं की गिऱ्हाइकाचा पहिला हप्ता तू भर, कमिशनमधून निघेल. असं सर्रास चालतं, म्हणून मुलांना ते चुकीचं वाटत नाही. पण कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं विमा कायदा, १९३८च्या कलम ४१ नुसार बेकायदा आहे आणि त्याला दंड आहे. शिवाय फुकट आलेली पॉलिसी कोण दुसऱ्या वर्षी चालू ठेवणार?

सहा महिन्यांत त्याच्या मोजक्याच पॉलिसी झाल्या, सगळ्या अनोळखी माणसांच्या. फेब्रुवारीत ठरल्याप्रमाणे थांबला. एजन्सी टिकवायला वर्षाकाठी ठरावीक धंदा द्यावा लागतो, तो होईल की नाही सांगता येत नाही, आणि त्याला त्याची फार फिकीरही दिसत नाही. त्याला टॅलीचं काम आवडायला लागलंय, हे माझ्यासाठीही अनपेक्षित होतं.

उलटही होतं. एक अगदी अबोल मुलगी माझ्याकडे यायची. दिवाळीच्या हंगामात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रोजाने उभी राहिली: दिवसाचे ठरलेले पैसे आणि विकलेल्या प्रत्येक मिक्सरवर वर थोडा इन्सेंटिव्ह. ती गिऱ्हाइकाला विचारायची, घरात माणसं किती, इडलीचं पीठ वाटता की नुसती चटणी, आणि मग गप्प उभी राहायची. तिचा खप बऱ्यापैकी झाला. पहिल्यांदाच करणाऱ्याने असं थोडा पगार, थोडं कमिशन असलेलं काम बघावं, असं माझं मत आहे. गिऱ्हाईक स्वतःहून दुकानात आलेलं असतं, हा त्यातला मोठा आराम.

काही ऑफरींना मात्र वही वगैरे लागत नाही. जॉइनिंग फी भरा, किट विकत घ्या, मग खाली माणसं जोडा, असं सांगितलं की उठून यायचं. डायरेक्ट सेलिंगच्या २०२१च्या नियमांनुसार विक्रेत्याकडून प्रवेश फी घेता येत नाही, आणि नुसती माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदीच आहे. फ्लॅट विकायचे असतील तर महारेराकडे, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून नोंदणी लागते. "नोंदणी आमची आहे, तू फक्त गिऱ्हाईक आण" असं कुणी म्हणालं, तर तुझं नाव कागदावर कुठे आहे ते विचारायचं. कमिशनचा दर, ते कधी मिळणार आणि कधी परत कापणार, हे लेखी मागायचं. पॅन द्यायचं, नाहीतर टीडीएस, म्हणजे कमिशन देतानाच कापला जाणारा कर, २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. पॅन दिलेलं असेल तर कापलेली रक्कम रिटर्न भरून परत मागता येते, उत्पन्न करपात्र नसेल तर. आणि किटसाठी पैसे आधीच भरून बसला असाल, तर पावती, चॅट, खात्यातली नोंद जपून ठेवा, पैसे लेखी परत मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोललात तरी चालतं.