आधी मोज, मग बुजव

सोलापूर

प्रिय लेकी,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. दिवसा खाणीच्या तोंडाशी टॉर्च मारला, एकही वटवाघूळ दिसलं नाही, साहेबांना मार्चएंडच्या आत तोंडावर भराव टाकून हवाय, सही करू का, असं विचारलंस. नको करूस. आधी मोज, मग बुजव.

खाली काळे दाणे दिसले म्हणालीस ना? काडीने चुरडून बघ. उंदराची लेंडी टणक असते. किडे खाणाऱ्या वटवाघळाच्या लेंडीचा लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे बारीक तुकडे चमकतात. चमकले, तर तुझं ‘दिसलं नाही’ कागदावर टिकणार नाही. दिवस मावळायच्या आधी तोंडाबाहेर बस आणि बाहेर पडणारं एकेक मोज. सोबत कुणाला तरी ने. आत शिरायचं नाही. जुन्या भुयारातल्या हवेचा आणि छताचा भरवसा नसतो. एका संध्याकाळीवर भागणार नाही. उन्हाळ्यात रिकामं वाटणारं भुयार थंडीत भरलेलं असू शकतं.

बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. ते उडायला लागायच्या आत तोंड बुजवलं, तर आया बाहेर आणि पिल्लं आत. एवढं कळूनही घाई कसली?

बेळगावकडच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची एक जात १९१३ साली नोंदली गेली. पुढे कित्येक दशकं ती जगात तेवढ्या एकाच गुहेतून माहीत होती. एकाच! ‘एका भोकाने काय होतं’ म्हणणाऱ्याला हे सांग.

माझ्या नोकरीत एक तोंड असंच घाईत बुजवलं. मी लेखी विरोध केला, तरी फाइल पुढे सरकलीच. ते अजून सलतं. त्यानंतर मोजणीशिवाय मी सही केली नाही. कामं अडवतो म्हणाले. हो, अडवली. बढती लांबली, तरी मी बरोबरच होतो.

वटवाघळं निघाली तर भरावाऐवजी आडव्या दांड्यांचं लोखंडी गेट मागायचं. दोन दांड्यांत जेमतेम १५ सेंटिमीटर फट ठेवली की माणूस अडतो, वटवाघूळ जातं, हवाही खेळती राहते. काही जाती गेट मानत नाहीत. तिथे तोंडापासून लांब कुंपण घालायचं. वरच्या अंगाला दुसरं तोंड असेल तर तेही बुजवू देऊ नकोस. हवेची वाट बदलली की आतलं तापमान बदलतं आणि गेट असूनही वटवाघळं जागा सोडतात.

साहेबांना काय सांगू, हे पुन्हा विचारू नकोस. मोजणी झालेली नाही, एवढंच लिहून दे. पहिल्या संध्याकाळचा आकडा मला कळव. शून्य आला तरी कळव, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बस.

तुझा,
काका